जास्त दुखणारं ऑपरेशन

"वर बघ," जोतीराम म्हणाला.

अक्षतानं छताकडं बघितलं. थेंब डोळ्यात न पडता गालावरून कानात गेला.

"आबा, हा तिसरा वाया."

"पोती उचलून बोटांचं लाकूड झालंय माझ्या. थेंब सोडायची सवय न्हाई त्यांना."

चौथा थेंब बरोबर पडला. तिनं दात आवळले आणि उशी घट्ट धरली. लेझरला दोन दिवस झाले होते. उजेड सोसत नव्हता, म्हणून खिडकीला चादर बांधली होती.

जोतीराम वाशीच्या मार्केटात माथाडी. कोपरखैरण्याच्या या दोन खोल्यांत आता तो एकटाच राहायचा. बायकोला, बाळाबाईला जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाला लेक उलव्याहून आली आणि पाहुणे गेल्यावर म्हणाली, "आबा, डोळ्यांचं लेझर करून घेते. चष्मा नको आता."

साडेपाच नंबर होता तिला. जोतीरामनं कारण विचारलं.

"चष्मा निघाला की दार कुठंय तेसुद्धा दिसत नाही."

"मग निघतोच कसा? नाकावर नीट बसवायचा."

ती हसली होती. चष्मे मोडण्यात ती लहानपणापासूनच पटाईत होती.

दवाखान्यात दोन प्रकार सांगितले. एकात बुबुळावरचा पातळ पापुद्रा कापून उचलतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. दोन दिवसांत माणूस कामावर. दुसऱ्यात कापत नाहीत, वरची साल खरवडून काढतात. ती आपोआप भरून येते, पण चार-पाच दिवस डोळ्यात मिरची गेल्यासारखं होतं. डॉक्टरांनी अक्षताला एकटीला आत बोलावून बरंच काही विचारलं. ती बाहेर आली ती दुसरा प्रकार ठरवूनच.

"अगं, दोन दिवसांत मोकळी झाली असतीस."

"मला हेच हवंय."

 जोतीरामच्या ध्यानात कारण आलं होतं. पाच दिवस दुखणं म्हणजे पाच दिवस माहेर. ती आल्यापासून त्याच्या ताटाकडं बघत होती, किती खाल्लं ते मोजत होती. श्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलंही होतं, "आबा, मी इथंच राहिले तर?" त्यानं विषय बदलला होता.

बाळाबाईनं शेवटच्या दिवसांत एकच गोष्ट चारदा बजावली होती. "माझ्यामागं पोरीला तुमच्या भाकरीत अडकवू नका. तिचा संसार नवा हाय." तेवढं तरी पाळायचं, असं जोतीरामनं ठरवलं होतं. पोरगी असली की घरात आवाज असतो. दोन घास जास्त जातात. पण ते त्याचं सुख झालं, तिचं नाही.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. राजवर्धन न्हावा शेव्याला, बंदरातला माल सोडवणाऱ्या क्लिअरिंगच्या ऑफिसात होता. बोलायला मोकळा.

"आबा, टेन्शन घेऊ नका. शुक्रवारी मी गाडी घेऊन दवाखान्यातच येतो. घराचं काय झालंय विचारू नका. चहासुद्धा हातानं करतोय."

"साखर कुठं असती ते तरी कळलं का?"

"कालच सापडली!"

दोघंही हसले. अक्षता भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"तुझा नवरा साखर शोधतोय," जोतीराम म्हणाला.

"आबा, अजून आठ दिवस राहू?"

"माझ्यासाठी थांबू नकोस. जेवतो मी."

"तुमच्यासाठी नाही."

"व्हय, व्हय. तुझ्या आईचाच हट्ट हाय तुझ्यात." त्यानं चटईवर अंग टाकलं. त्याला बोलायचा थकवा आला होता. वर्षभर सगळ्याचाच येत होता. "शुक्रवारी जायचं. ठरलं."

तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

शुक्रवारी डॉक्टरांनी डोळ्यांवर पट्टीसारख्या बसवलेल्या लेन्स काढल्या. अक्षतानं चष्म्याशिवाय तक्त्यावरच्या पाच ओळी वाचल्या. पुढच्या तपासणीसाठी नर्स तिला शेजारच्या खोलीत घेऊन गेली. जोतीरामनं तिच्या कपड्यांची पिशवी खांद्याला लावली. हातातला फोन वाजला. राजवर्धनचा मेसेज होता. "आबा, खाली गाडीत आहे. पाठवा तिला."

"महिनाभर डोळे चोळायचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "धूळ, धूर टाळायचा. आणि मैदानावर तीन महिने अजिबात नाही. सांगा त्यांना."

"कसलं मैदान?"

"कबड्डीचं हो. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तोंडावर मार लागेल असं काही करता का? पापुद्रा कापलेला असला तर जोराच्या फटक्यानं तो वर्षांनंतरही सरकू शकतो. त्या म्हणाल्या, कबड्डी खेळते, हात-कोपर लागतातच. म्हणून तर हे दुखणारं ऑपरेशन केलं."

जोतीराम दारापाशीच थांबला. शाळेत खेळाच्या तासाला अक्षता बाकीच्या पोरींच्या चपला राखत कडेला बसायची. बाईंनी कितीदा ओढलं तरी ती मैदानात उतरली नव्हती.

फोन पुन्हा वाजला. त्यानं तो बंद केला. पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसला.

"कधीपासून खेळते म्हणाली?"

डॉक्टरांनी फाईल चाळली. "तीन वर्षं. मला कौतुक वाटलं. बायका लग्न झालं की खेळ सोडतात, ह्यांचा लग्नानंतर सुरू झाला."