कराचीहून पाच तास

“पुन्हा विचारतो, बाई. प्रतापराव कुठे आहे?”

“सांगितलं ना, अमीनसाहेब. कराचीला.”

पोलीस ठाण्याचे अमीन लक्ष्मणराव वैतागून खुर्चीत टेकले. त्यांच्या शिपायांनी माळा, न्हाणी, कणग्या, सगळं उपसून पाहिलं होतं. हैदराबादच्या जामबागेतल्या या घराची झडती दर पंधरवड्याला ठरलेली.

पद्मावती चुलीपुढून उठली नाही. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, समोर दोन ताटं. बाहेर दोरीवर नवऱ्याचं धोतर वाळत होतं.

“कराची नऊशे मैल लांब,” अमीन म्हणाले. “विमानाला पाच तास लागतात. त्या काँग्रेसवाल्या वकिलाला विमानात घेणार कोण?”

“निजाम सरकारसाठी रात्री विमानं उतरतात ना तिकडून, बंदुका घेऊन? अख्खं शहर ऐकतं. परत जाताना रिकामीच असतील. बसले असतील एखाद्यात.”

एक शिपाई हसला. लक्ष्मणरावांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

“खामोश! चैत्रात सरहद्दीवर गोळीबारातून निसटला तो. आता आबिड्स बाजाराच्या भिंतींवर दर आठवड्याला कोळशाने लिहितोय, ‘हैदराबाद हिंदुस्थानात जाणारच. प्रतापराव.’ कराचीत बसून लिहितो काय?”

“पाच तासांचा तर रस्ता. येत असतील लिहायला.”

“आणि जेवायला? हे दुसरं ताट त्याचंच ना?”

“नवऱ्याचं ताट मांडायलाही बंदी आली का?”

लक्ष्मणराव जरा पुढे झुकले. “अक्षर फार बिघडलंय त्याचं. वकिलाचं वाटत नाही. हात दुखावलाय?”

“कराचीचं पाणी मानवत नसेल.” तिने काळ्या बोटांनी निखारा आत सारला.

“बाई, माझे सगळे शिपाई त्याच्यामागे आहेत. बाकीची पोरं सरहद्द ओलांडून येतात, जातात. त्यांच्याकडे बघायला माणूस नाही माझ्याकडे. एकदा सांगून टाका, प्रतापराव अमुक घरात आहेत.”

“आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, साहेब. शोधा तुम्ही. सापडतील.”

भाद्रपदात हिंदी फौजा शहरात शिरल्या. निजामाने शस्त्रं खाली ठेवली होती. जामबागेतली माणसं गुलाल उधळत पद्मावतीच्या दारात आली. पुढे प्रतापरावांचा कारकून दत्तोबा, हातात झेंडूचा हा मोठा हार.

“वहिनी, कुठे लपवलंत आमच्या साहेबांना? बोलवा आता बाहेर! ते लक्ष्मणराव अमीन तर घराला कडी लावून बसलेत.”

सगळे हसले. पद्मावतीही हसली. तिने कोनाड्यातून कोळशाचा झिजलेला तुकडा काढला आणि अंगणापलीकडे भिरकावून दिला.

“हार त्यांच्या तसबिरीला घाला, दत्तोबा,” ती म्हणाली, आणि चैत्रापासून जपलेलं कुंकू तिने पदराने पुसून टाकलं.