आधी कोण?

"या तालुक्यातलं एकही लेकरू यापुढं मनात कुढणार नाही," असं आबासाहेबांनी जाहीर केलं आणि माइक बंद पडला. तो दुरुस्त होईपर्यंत पाथर्डीच्या त्या शाळेतली तीनशे लेकरं उन्हात कुढत बसली.

आबासाहेब म्हणजे युवा आरोग्य फाउंडेशनचे अध्यक्ष. मुलांच्या शरीराचं काम त्यांनी मागच्या वर्षी हाती घेतलं होतं, यंदा मनाचं घेतलं होतं.

"लाजायचं नाही," ते म्हणाले. "जे सलतंय ते इथं येऊन बोलायचं. बोला, आधी कोण?"

"आधी, आधी," मागच्या रांगेतून आवाज आला. मग सगळीकडूनच. सगळ्यांनाच आधी बोलायचंय, असं वाटून आबासाहेबांना भरून आलं.

दहावीतली ज्योती मान खाली घालून बसली होती. 'आधी' म्हणजे ती. गेल्या वर्षी ती आईबापाबरोबर ऊसतोडीहून परतली, तेव्हा फाउंडेशनच्या गाडीत तिचं वजन झालं आणि फोटो झाला. तो एसटी स्टँडवरच्या फ्लेक्सवर चढला. डावीकडं गालफडं बसलेली ज्योती, खाली लिहिलेलं 'आधी'. उजवीकडं गुबगुबीत, हसरी मुलगी, खाली 'नंतर'. ही 'नंतर' भिंगारच्या फ्लेक्सवाल्याची भाची. ज्योती सुधारेपर्यंत थांबायला मोहिमेच्या उद्घाटनाच्या तारखेला सवड नव्हती.

काम मात्र खोटं नव्हतं. गोळ्या मिळाल्या, खुराक मिळाला, वर्षभरात ज्योतीचं वजन नऊ किलोनं वाढलं. नाव तेवढं 'आधी' राहिलं. स्टँड चुकवायला ती रोज ओढ्याकडून फेरा घालून शाळेत यायची.

ती उठली. हशा पिकला. ती माइकपाशी पोचली तसा विरला.

"सर, माझा फोटो काढा."

आबासाहेब गहिवरले. "एवढंच ना, पोरी?" त्यांनी तिला शेजारी उभं केलं, डोक्यावर हात ठेवला आणि फोटोग्राफरला खूण केली. त्यानं तीन काढले.

"तसा न्हाई, सर. स्टँडवरचा."

आबासाहेबांनी तेव्हा कुठं तिच्याकडं नीट पाहिलं. तो फोटो त्यांनीच निवडला होता, अकरा पोरींमधून. बाकीच्या दहा जणी हसत होत्या, म्हणून त्यांनी त्या बाद केल्या होत्या. तिच्या डोक्यावरचा हात आता ठेवावा की उचलावा, ते त्यांना कळेना. त्यांची मान हळूहळू खाली गेली.

ज्योतीलाच अवघडल्यासारखं झालं.

"फ्लेक्स राहू द्या, सर," ती हळूच म्हणाली. "तुमचाबी फोटो हाय त्याच्यावर. माझ्या तोंडावर तेवढा कागद चिकटवा."