घंटेचा विमा

धुळ्याजवळच्या एका खेड्यात महादेवाच्या देवळातली जुनी पितळी घंटा कडीपाशी तुटली आणि खाली झाडत असलेल्या द्रौपदाबाईच्या डोक्यावर पडली. पुजारी झुलाल गुरवाची ही बायको जागीच गेली. तेराव्यानंतर विम्याचा साहेब पाहणीला आला.

त्याने विम्याची यादी वाचली. घंटा, चांदीचा मुखवटा, दानपेटी, भोंगा. भोंगा देवळात दोन वर्षांपासून होता, झुलाल चाळीस वर्षांपासून.

"पुजाऱ्याचं किंवा त्याच्या घरच्यांचं नाव यात नाही," साहेब म्हणाला.

देवळाचे अध्यक्ष देवचंद नाना तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, दर महिन्याला पेन्शन घेणारे. ते म्हणाले, "देवाच्या सेवेत कसला विमा आणि कसली पेन्शन, झुलाल? देव बघतो."

"मंग मुखवटाना विमा कसाले काढा, नाना? त्याले बी देवच देखी."

साहेबाने कागद पुढे ओढला. "घंटा कशावर पडली?"

"मनी बायकोवर," झुलाल म्हणाला.

साहेबाचं पेन थांबलं. "माणूस गेल्याचं लिहिलं तर चौकशी लागेल. घंटेची भरपाई अडकेल."

"फरशीवर पडली, साहेब," नाना घाईने म्हणाले. "तसंच लिहा."

महिन्याभरात नवी घंटा आली. पहिला मान नानांनी झुलालला दिला. झुलालने घंटेला हात लावला नाही. तो खाली वाकला आणि फरशीवरून तळवा फिरवत राहिला.

"फरशी भलती मजबूत शे, नाना. एवढी घंटा पडनी, साधा ओरखडा बी नही."