उडत्या कोतवालाचं शेवटचं पान

दहावीच्या परीक्षेआधी अब्बांनी ताहेराच्या हातातलं उडत्या कोतवालाचं कॉमिक ओढून घेतलं, तेव्हा तिचं शेवटचं एकच पान वाचायचं राहिलं होतं. कोतवाल उकळत्या तेलाच्या कढईवर उलटा लटकत होता. "गेलं ते बंबात," अब्बा म्हणाले. त्यावर ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही आणि भूमितीत कशीबशी काठावर पास झाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी अब्बा वारले; त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहानंतर शहागंजातल्या घरी ती कपाट आवरायला बसली.

"तुझी शाळेची पुस्तकं दे आता रद्दीत," अम्मी म्हणाली. "इत्ती वर्षं त्यांनी कुणाला हात लावू दिला नाय."

तिनं भूमितीचं कोरं करकरीत पुस्तक उचललं, तर त्यातून ते कॉमिक खाली पडलं. तिनं घाईघाईनं शेवटचं पान उघडलं. कढई तशीच उकळत होती, कोतवाल तसाच लटकत होता आणि खाली छापलं होतं, 'क्रमशः'.

त्याखाली लाल शाईत अब्बांचं अक्षर होतं : "पुढचा अंक मी वाचला. कोतवाल सुटतो. भूमितीचं पुस्तक उघडलंस, शाबास बेटा."