जिन्याचा वास

तिसऱ्या ग्लासात नाक घातलं आणि तिने पेन्सिल खाली ठेवली.

टेबलावर चार बाटल्या होत्या, चारही कागदी पिशव्यांत गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या. नाव झाकलेलं, नंबर तेवढा उघडा. आयात करणाऱ्या कंपनीने एवढंच कळवलं होतं की चारही इटलीच्या रेड वाइन आहेत, आणि एकीतही एकाच द्राक्षाचा रस नाही. दोन-तीन जातींचं मिश्रण आहे. चौघा परीक्षकांनी दर बाटलीचा घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा, काय वाटलं ते लेबलसाठी वेगळ्या कागदावर लिहायचं. कागद गोळा होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.

न बोलण्याचा हा नियम तिच्या पथ्यावर पडायचा. कारण समोरच्या खुर्चीत तिचा नवरा बसलेला असे. म्हणजे आठ वर्षांपूर्वीपर्यंत नवरा होता तो. दोघं वर्षातून एकदा याच टेबलाशी भेटत, नमस्कार म्हणत आणि कामाला लागत. त्याच्या शर्टाच्या बाह्यांना आता धारदार घडी असायची. इस्त्री करणारा हात बदलला होता.

तिच्या घरात इस्त्री एकाच माणसाच्या कपड्यांची होई. बाटली तर ती उघडतच नसे. एकटीला ती पाच दिवस पुरायची, आणि तिसऱ्या दिवशीच आंबायची.

पहिली वाइन आंबट धारेची निघाली होती. दुसरी मऊ, पण पोकळ. दोन्हींत जोड कळत होता, ठिगळ लावलेल्या कापडासारखा. इथे एक रस संपला, इथे दुसरा लागला. तिसरीत जोड सापडेना. आधी चेरी आली, मग काहीतरी गडद, आणि घोट थुंकल्यावर मागे एक वास रेंगाळला. तो तिने लगेच ओळखला. त्याला तिच्याकडे एकच शब्द होता. असा शब्द अशा कागदावर लिहीत नाहीत, पण दुसरा काही सुचेना. तिने पेन्सिल उचलली, लिहिला, आणि कागद पालथा घातला.

परीक्षकांच्या अध्यक्षांनी चौघांचे कागद गोळा केले. आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेला हा माणूस कागद हातात घेतला की आधी चष्मा पुसायचा. त्यांनी तो पुसला.

"तीन नंबर. हॉटेलवाले म्हणतात, दमदार, मखमली, राजेशाही."

चौथे परीक्षक असलेल्या हॉटेलवाल्यांनी मान डोलावली.

"मी लिहिलंय, चेरी आणि जुनं चामडं. आणि हे..." त्यांनी उरलेले दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "दोन्हींवर एकच शब्द आहे. जिना."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"वहिनी, हे..." अध्यक्षांनी जीभ चावली. "मॅडम, हे काय आहे?"

"चढते, म्हणून लिहिलं असेल," हॉटेलवाले म्हणाले आणि स्वतःच हसले.

लग्नानंतरच्या पहिल्या बिऱ्हाडाचा जिना होता तो. चौथ्या मजल्यावर एक खोली, खाली सुक्या फळांचं गोदाम, मध्ये बारमाही ओली भिंत. दोघं तेव्हा हे काम शिकत होती. स्वस्तातली एक बाटली आणायची, दोन कप घ्यायचे, आणि नाकं तयार करायची. "यात जिना आहे," एक म्हणे. "आहे, पण दुसऱ्या मजल्यापर्यंतच," दुसरं म्हणे.

"लेबलवर जिना कसा छापणार?" अध्यक्ष म्हणाले. "गिऱ्हाइकाला कळेल असं सांगा."

"ओला चुना," ती म्हणाली. "गंजलेलं लोखंड. आणि काळे मनुके."

"मनुके नाहीत," तो म्हणाला. "आलुबुखार."

"मनुकेच."

"दाराशी आलुबुखाराची पोती असायची. मनुके वरच्या फळीवर."

"वरच्या फळीवर अक्रोड. तुझं लक्ष कधी असायचं?"

"माझं? उतरताना रोज त्या पोत्यांना कोण अडखळायचं?"

"अडखळायचे, म्हणूनच सांगते. मनुके होते."

अध्यक्षांचं पेन हवेत थांबलं होतं. हॉटेलवाल्यांच्या हातातला पावाचा तुकडा तसाच हातात राहिला होता. आपला आवाज चढलाय हे तिच्या ध्यानात आलं. त्याचाही चढला होता. आणि त्याचे कान लाल झाले होते, पूर्वी व्हायचे तसे.

"मिटवा एकदाचं," हॉटेलवाले म्हणाले. "नाहीतर दोघं जाऊन बघून या."

"पाडली ती इमारत," तो म्हणाला.

तिच्या हातातली पेन्सिल आडवी झाली. "कधी?"

"झाली तीन वर्षं."

"तुला कसं कळलं?"

त्याने ग्लासाची दांडी दोन बोटांत धरली, अर्धा वेढा फिरवली. "जवळून जात होतो. सहज."

अध्यक्षांनी मान खाली घालून मनुके लिहिले, त्याच्यापुढे आलुबुखार लिहिलं, आणि दोन्ही शब्द तसेच ठेवले. मग त्यांनी चौथी बाटली उचलली आणि फार सावकाश, कोणाकडे न बघता, चौघांच्या ग्लासांत ओतली.

"चार नंबर," ते म्हणाले. "आता बोलायचं नाही."

तिने ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. रंग बघायचा होता. बराच वेळ ती तो बघत राहिली.

त्या इमारतीच्या जवळून कुठेच जाता येत नसे. गल्ली तिथेच संपायची.