कॅप्टनचा शब्द

संघाची बस सुटली होती, पण स्टेडियमच्या फाटकापर्यंतच. पुढं माणसं उभी होती. दोनेकशे तरी असतील. सगळ्यांच्या गळ्यात निळे मफलर, काखेत गुंडाळलेले कापडी फलक. तासाभरापूर्वी फुटबॉलच्या हंगामातला शेवटचा सामना हरून संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला होता. असं काही झालं की बस अडवायची आणि कॅप्टनला खाली बोलवायचं, हा इथला रिवाज. दगडबिगड कोणी मारत नाही. माणसं नुसती उभी राहतात, आणि तेच जड जातं.

"तोकुमारुऽ! खाली या!"

पहिल्या सीटवर क्लबचे व्यवस्थापक मुरोता बसले होते. त्यांनी अंगावरचा कोट हनुवटीपर्यंत ओढून घेतला. "तुमचंच नाव घेतायत," ते म्हणाले. "तेवढं बघता का?"

याच मुरोतांनी काल संध्याकाळी तोकुमारुला ऑफिसात बोलावून चहा दिला होता आणि सांगितलं होतं: पुढच्या वर्षीच्या संघात तुम्ही नाही. बुधवारी जाहीर करू, तोवर कोणाजवळ बोलू नका. सामन्याच्या आदल्या दिवशी सांगू नये खरं तर, पण सोमवारी मला टोकियोला जायचंय.

तोकुमारु उठला. सदतिसाव्या वर्षी बसच्या तीन पायऱ्या उतरायलाही डाव्या गुडघ्याची परवानगी काढावी लागते. खाली पोचल्यावर तो लोकांपुढं कमरेतून वाकला.

"मान वर करा!" ओनोदेरा ओरडला. गावात त्याचं माशांच्या वड्यांचं दुकान आहे आणि सामन्यात ढोल त्याच्याकडे असतो. ढोल खाली ठेवला तरी आवाज त्याच पट्टीत राहतो. "तो तिसरा गोल कसा झाला ते सांगा आधी. माझ्या सासूनं अडवला असता तो!"

"वय काय त्यांचं?" तोकुमारुनं विचारलं.

"ब्याऐंशी."

"मग अडवला असता. मी वळेपर्यंत समोरचा पोरगा जाऊन परत आला होता."

मागं कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आजचा दिवस हसायचा नव्हता.

"थट्टा पुरे," ओनोदेरा म्हणाला, पण आवाज उतरला होता. "मोठ्या क्लबांची बोलावणी आली की चांगली पोरं जातील. जाऊ देत. प्रशिक्षकही जाईल. अध्यक्ष तर आज आलेच नाहीत, सर्दी झालीय म्हणे. त्यांच्या शब्दाला इथं कोण विचारतंय? तुम्ही मात्र नऊ वर्षं दर वेळी खाली उतरलात. पुढच्या वेळी नक्की जिंकू, असलं कधी बोलला नाहीत, म्हणून तुमचं ऐकतो आम्ही. एवढंच सांगा आणि जा. पुढच्या वर्षी तुम्ही आहात ना?"

समुद्राकडून वारा येत होता आणि फाटकावरचा दिवा नुकता लागला होता. तोकुमारु एकोणीस हंगाम खेळला होता, पाच शहरांत. प्रत्येक शहर सोडताना स्थानिक पेपरात दोन ओळी आल्या होत्या, एकदा तर नावही चुकवलं होतं. रस्ता अडवून कोणी राहा म्हणत होतं ते आज पहिल्यांदा.

तेवढ्यात सुगिमोरी आजी वाट काढत पुढं आल्या. प्रत्येक सामन्याला पहिल्या रांगेत बसणाऱ्या, मफलर स्वतः विणलेला. "एवढ्या गारठ्यात काय उभं केलंयस रे त्याला?" त्यांनी ओनोदेराला झापलं. मग कोटाच्या खिशातून हात शेकायची गरम पुडी काढली आणि तोकुमारुच्या तळव्यावर दाबली. "गुडघ्याला लाव. आणि हो म्हणून टाक बाबा. मला आता नव्या माणसाचं नाव पाठ होत नाही."

खरं सांगायचं तर बरंच सांगावं लागलं असतं. कालचा चहा, बुधवार, मुरोता. मग लोकांनी मुरोतांना खाली मागितलं असतं. मुरोता उतरले नसते. पोरं बसमध्ये उपाशी ताटकळली असती, आणि तोकुमारुला आणखी तासभर या गुडघ्यावर उभं राहावं लागलं असतं. 'हो' त्या मानानं अगदीच लहान होतं.

"हो," तो म्हणाला. "आहे मी."

आजींनी त्याच्या हातावर थोपटलं. ओनोदेरानं मफलरानं तोंड पुसलं आणि कोणाकडे न बघता मागच्यांना बाजूला व्हायची खूण केली. गर्दी दुभंगली. कोणीतरी तोकुमारुच्या नावाचं गाणं धरलं, सामन्यात म्हणतात तेच, आणि बघता बघता सगळ्यांनी उचललं. तो पुन्हा वाकला. या खेपेला वर यायला त्याला वेळ लागला. लोकांना वाटलं, त्याला भरून आलंय. आलंच होतं.

बसचं दार लागलं. फाटक मागं पडल्यावर मुरोता त्याच्याकडे झुकले.

"हे काय बोलून बसलात?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "बुधवारी लोक आम्हाला फाडून खातील. त्यांच्यापुढं उभं कोणी राहायचं?"

तोकुमारुनं सीटच्या दांडीला धरून सावकाश अंग खाली सोडलं.

"बुधवारी कॅप्टन दुसरा कोणी असेल," तो म्हणाला. "त्याला उतरवा."

मुरोतांनी मान वळवून मागं पाहिलं. सगळी पोरं एकाएकी ओळीनं गाढ झोपली होती. एकाच्या हातातला मोबाइल तेवढा अजून उजळलेला होता.