ऐकतायत, बोला

"ऐकतायत ते. बोला तुम्ही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि मोबाइल मास्तरांच्या तोंडासमोर धरला.

मास्तर मघाशीच गेले होते. पडद्यावर त्यांची मुलगी रडत होती. "बाबा, माझ्यावर राग नाही ना तुमचा?" मोठ्या सिस्टरांनी दुसरा हात मास्तरांच्या केसांतून हळूच फिरवला. डोकं जरासं हललं. "अगं, मान हलवली बघ त्यांनी!" पलीकडून कुणीतरी म्हणालं. मुलीला हुंदका फुटला आणि मग ती चक्क हसली.

मोठ्या सिस्टरांचं हे काम चोख असायचं. मॉनिटर बंद. चादर हनुवटीपर्यंत. मोबाइल इतका जवळ, की छाती दिसू नये. ऑक्सिजन मात्र चालू. नळीला जोडलेल्या बाटलीतलं पाणी बुडबुड वाजत राहायचं. तो आवाज कानावर पडला की पलीकडच्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा. साथ सुरू झाल्यापासून नातेवाइकांना आत सोडायचं नाही असा वरून हुकूम होता. माणसं पटापट जात होती, फोन लावायला कुणाचे हात मोकळे नव्हते. निरोपाला उशीर व्हायचाच. म्हणून मोठ्या सिस्टरांनी हा मार्ग काढला होता. आधी निरोप, बातमी नंतर. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे.

वॉर्डात एकच नर्स याच्या आड यायची. तिला खरं बोलायची इतकी खोड, की सगळ्यांनी तिचं नाव हरिश्चंद्र पाडलं होतं. "मी राउंड घेतला म्हणून सांग," असं डॉक्टरांनी सांगितलं, तर ही त्यांच्या तोंडावर म्हणाली होती, "कधी घेतलात?"

मास्तरांचा फोन संपला तशी ती पुढे आली.

"सिस्टर, गेलेल्या माणसाला ऑक्सिजन? त्या कोपऱ्यातल्या आजींना श्वास पुरत नाहीये."

"दोन मिनिटांचा तर प्रश्न असतो गं. दोन मिनिटांत कुणी मरत नाही."

"मरतं," हरिश्चंद्र म्हणाली. "आणि त्यांच्या मुलीला खरं कळायला नको?"

"खरं काय घेऊन बसलीस! उद्या तुझं माणूस असं पडलं ना, की मग ये मला शिकवायला."

हरिश्चंद्रने वर तक्रार केली. वरच्यांनी ती मन लावून वाचली आणि हरिश्चंद्रचीच बदली केली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात.

मग मोठ्या सिस्टरांच्या आईला दम लागला. त्यांच्या स्वतःच्या वॉर्डात मुंगी शिरायला जागा नव्हती. घराजवळच्या दवाखान्यात पलंग मिळत होता. तिथली मुख्य नर्स त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. नेमकं म्हणूनच त्यांनी आईला तिथे ठेवलं नाही. दुसऱ्या टोकाला नेलं. "ओळखीचं माणूस सोडून एवढ्या लांब? डोकं फिरलंय का तुझं?" भाऊ ओरडला. ओळखीचं माणूस आपल्याला फोनवर काय दाखवेल, हे भावाला कसं सांगणार?

हरिश्चंद्र दारातच भेटली. मोठ्या सिस्टरांनी तिचे हात धरले.

"मला फक्त खरं सांगायचं. वेळ आली असं वाटलं की लगेच कळव. मी पीपीई किट घालून येते, नर्सला कोण अडवतंय? आई एकटी जायला नको गं."

"सिस्टर, मी कधी खोटं बोललेय का?"

त्यानंतर रोज तिचा फोन यायचा. "आज बरं नाही." "आज कालच्यापेक्षा वाईट." एकदा म्हणाली, "आज मला शिव्या घातल्या. केस नीट करायला गेले तर हात झटकला." मोठ्या सिस्टर खूप हसल्या. केसांना हात लावलेला आईला कुणाचाच खपायचा नाही. पोटच्या मुलीचाही नाही. त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले.

मग एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. मोठ्या सिस्टरांनी वॉर्डाच्या दारातच तो उचलला.

"आईंशी बोलून घ्या, सिस्टर."

"निघू मी? पोचेन ना?"

"आधी बोला," हरिश्चंद्र म्हणाली. "ऐकतायत त्या."

पडद्यावर आईचा चेहरा होता. खूप जवळ. चादर हनुवटीपर्यंत. तोंडावर मास्क. हरिश्चंद्रचा हात आईच्या केसांतून फिरत होता आणि आई तो झटकत नव्हती.

मोठ्या सिस्टर भिंतीला टेकल्या. त्यांनी मोबाइल कानाशी नेला आणि श्वास रोखून ऐकलं. दूर कुणीतरी खोकत होतं, कुणीतरी पाणी मागत होतं. आईजवळ मात्र काहीच वाजत नव्हतं.

"आई," त्या म्हणाल्या, "मी निघतच होते गं." लोक केवढं काय काय बोलायचे. त्यातलं एक वाक्य त्यांना आठवेना.

"ऐकतायत, सिस्टर. खरंच ऐकतायत," हरिश्चंद्र म्हणाली. "आज वॉर्डात मी एकटीच होते हो."

मोठ्या सिस्टरांनी डोळे पुसले. मग त्या रोजच्या, वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वेळी बाटली चालू ठेव गं. नातेवाईक ऐकत असतात."